तोतलाडोहची वीज आणि मासा

नागपूरकर पेंचचे पाणी पितात. पण त्याच नदीवरील तोतलाडोहचे 160 मेगावॉटचे जलविद्युत केंद्र फारसे कोणाच्या ध्यानी नसते. तेथील विजेचा दोन तृतीयांश वाटा मध्य प्रदेशाचा, उरलेला महाराष्ट्राचा. टर्बाइन फिरवून सुटलेले पाणी खाली कामठी खैरीला साठते आणि तेथून शहरास व शेतीस मिळते. एकच पाणी दोनदा राबते, ही योजना आम्हांस चोख वाटते. मेगावॉटच्या हिशेबात मासा मात्र येत नाही. महासीरसारखे मासे पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून गोट्यांच्या उथळ पाण्यात अंडी घालतात. धरणाची भिंत ती वाट अडविते.

जलाशयातील मासळीवर पोट कोणाचे, हा प्रश्न 1997 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रात पूर्वी राहणाऱ्या आदिवासींना मध्य प्रदेश शासनाने मासेमारीचे 305 परवाने दिले होते. न्यायालयाने ते रद्द केले नाहीत. ओळखपत्रे हवीत, काठावर चूल पेटवू नये, अशा अटी घातल्या. वाघाचे रान राखताना या माणसांच्या उदरनिर्वाहाचाही विचार झाला, हे आम्हांस मोलाचे वाटते. परंतु विणीच्या दिवसांत जाळी आवरली नाहीत, तर परवाना हाती राहील आणि जाळे रिकामे येईल.