पशुवैद्यकांचे निरंतर शिक्षण आणि पाळीव प्राण्यांचे आरोग्य

वसईच्या वाड्यांतून कुत्रा हा पूर्वी राखणदार असे. केळीच्या आणि पानवेलीच्या बागांतून तो मोकळा हिंडे, घरचे उरलेसुरले खाई आणि आजारी पडलाच तर आपोआप बरा होई किंवा मरून जाई. पशुवैद्यकाला बोलावणे जाई ते गायी-म्हशींसाठी. लोकांच्या तोंडी त्याचे नावही ‘गुरांचा डॉक्टर’ असेच होते. पुढे हा प्रदेश झपाट्याने बदलला. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि लगतची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. सदनिकांतून राहणाऱ्या कुटुंबांत कुत्री-मांजरे घरच्या माणसांसारखी वावरू लागली आणि गुरांच्या डॉक्टरापुढे रोगी म्हणून येणाऱ्या जनावरांची जातच बदलली.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुवैद्यकास व्यवसायासाठी नोंदणी करावी लागते व तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. परंतु नोंदणीचे नूतनीकरण म्हणजे ज्ञानाचे नूतनीकरण नव्हे. पदवी ज्या दिवशी हाती पडते, त्या दिवसापर्यंतचेच शास्त्र तिच्यात सामावलेले असते. रोग मात्र त्या तारखेपाशी थांबत नाहीत.

पुस्तकात नसलेला रोग

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पार्व्हो हा रोग. १९७८ च्या सुमारास कुत्र्यांमध्ये हा विषाणू प्रथम ओळखला गेला आणि अवघ्या दोन-तीन वर्षांत तो जगभर पसरला. भारतात त्याची नोंद १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत झाली. पिलास सतत ओकाऱ्या होतात, रक्तमिश्रित व दुर्गंधीयुक्त हगवण लागते आणि उपचार न मिळाल्यास ते दोन-तीन दिवसांत दगावते. १९७५ साली पदवी घेतलेल्या पशुवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात या रोगाची एक ओळही नव्हती. त्याला तो शिकावा लागला तो व्यवसाय करता करताच.

लस निघाली, तरी शिक्षण संपले नाही. लस टोचूनही पिले मरतात, अशी तक्रार मालक करीत आणि लस निकृष्ट असल्याचा निष्कर्ष काढला जाई. खरे कारण निराळे होते. आईच्या चिकातून पिलास जी संरक्षक द्रव्ये मिळतात, ती काही आठवडे त्याचे रक्षण करतात. पण तीच द्रव्ये टोचलेली लसही निष्प्रभ करतात. एखाद्या पिलात ती आठव्या आठवड्यास संपतात, तर एखाद्यात चौदाव्या आठवड्यापर्यंत टिकतात. वरून पाहून हे ओळखता येत नाही. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून लस सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी तिची पुनरावृत्ती करावी व शेवटची मात्रा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर द्यावी, असे आजचे शास्त्र सांगते. दहाव्या-बाराव्या आठवड्यालाच लसीकरण संपविण्याची जुनी रीत ज्याने सोडलेली नाही, तो पशुवैद्यक कामात कसूर करीत नसतो. त्याला एवढी एकच गोष्ट कोणी सांगितलेली नसते. पिलू मात्र त्यापायी जाते.

औषधे तीच, समज निराळी

माणसांच्या घरात सर्रास आढळणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजरास प्राणघातक ठरते, कारण तिचा निचरा करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फारच थोडी असते. डायक्लोफिनॅक हे गुरांना वर्षानुवर्षे दिले जाणारे वेदनाशामक. अशा गुरांचे शव खाऊन गिधाडे मरतात, हे सिद्ध झाल्यावर २००६ साली जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. २०२३ साली ॲसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेन यांवरही तशीच बंदी घालण्यात आली. गोचिडांमुळे होणाऱ्या तापाचेही तसेच आहे. दमट किनारपट्टीवर हा ताप कुत्र्यांत नेहमीचाच. पण त्याचे जंतू एकाहून अधिक जातींचे असून एका जातीवर चालणारे औषध दुसरीवर चालत नाही. रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची सवय राहिली नाही, तर अंदाजाने इंजेक्शने दिली जातात आणि मालकाचा पैसाही वाया जातो.

उंबरठ्याबाहेरचे रोग

हा प्रश्न केवळ हौसेने कुत्रा पाळणाऱ्यांपुरता आहे, असे कोणी समजू नये. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला. रेल्वे ठप्प झाली, अनेक भागांत वीज बंद राहिली. अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. उंदीर हे त्याचे मुख्य आगर असले, तरी बाधित कुत्र्याच्या मूत्रातूनही त्याचे जंतू बाहेर पडतात. जगातील लघुप्राणी पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शनात, जेथे हा रोग सतत आढळतो तेथे कुत्र्यांना त्याची लस आवश्यक मानावी, असे म्हटले आहे. याच पुराने आणखी एक धडा दिला. रेबीजची लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. वीज गेलेल्या शीतपेटीतील लस दिसावयास तशीच दिसते, परंतु तिची शक्ती भरवशाची राहत नाही. शीतसाखळी हा विषय पदवीच्या परीक्षेत किरकोळ वाटतो. एखाद्या मुलाला कुत्रा चावल्यावर तो किरकोळ राहत नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यानंतर माणूस वाचविण्याचा खात्रीचा उपाय आजही नाही.

परळचा रस्ता

राज्यात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले आणि आज ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे घटक आहे. विरारहून परळ लोकलने गाठता येते. अडचण अंतराची नाही. खाजगी दवाखाना चालविणारा पशुवैद्यक बहुधा एकटाच असतो. तीन दिवसांच्या प्रशिक्षणास जावयाचे, तर दवाखाना बंद ठेवावा लागतो व त्या तीन दिवसांत पार्व्होने ग्रासलेले पिलू कोठे न्यावे, हा प्रश्न उरतो. शेजारच्या दोन-तीन व्यावसायिकांनी पाळीपाळीने एकमेकांचे रोगी पाहिले, तर तो सुटू शकतो. औषध कंपनीच्या खर्चाने एका सायंकाळी झालेल्या व्याख्यानालाच प्रशिक्षण समजणे मात्र बरोबर नाही. भूल, शस्त्रक्रिया व सूक्ष्मदर्शक या गोष्टी हाताने करूनच येतात.

तालुक्याच्या पूर्व भागातील ग्रामपंचायतींत खाजगी दवाखाने विरळ आहेत. तेथील भिस्त शासकीय व जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांतील पशुधन विकास अधिकाऱ्यांवर व पशुधन पर्यवेक्षकांवर असते. त्यांच्या प्रशिक्षणात गुरांचे रोग अग्रस्थानी असावेत, हे योग्यच. पण पाड्यावरच्या कुत्र्याचे लसीकरण करणारेही तेच असतात. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याच्या लसीकरणाची जबाबदारी मालकाची आणि मोकाट कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची व लसीकरणाची व्यवस्था स्थानिक संस्थेची आहे. पंचायतीने लसीकरणाचे शिबिर ठरविताना लस कोणत्या पेटीतून येणार, बर्फ किती तास टिकणार आणि टोचलेल्या कुत्र्यांची नोंद कोण ठेवणार, हे अगोदर अधिकाऱ्याला विचारून घ्यावे. शाळेतील एखादा मुलगा चावा घेतल्याचे सांगत आला, तर शिक्षकाने जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याला ताबडतोब आरोग्य केंद्रात पाठवावे. कुत्रा कोणाचा व त्याला लस केव्हा दिली, याची चौकशी पंचायतीच्या त्या नोंदवहीतून मागाहून करता येईल. कुत्र्याला लस दिलेली आहे असे कळले, तरी मुलाचे उपचार त्यासाठी थांबवावयाचे नाहीत.