छायाचित्र घेण्यापूर्वी…

तीर्थक्षेत्री आल्याची आठवण म्हणून छायाचित्र घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. मंदिराचे शिखर, दीपमाळ, नदीचे पात्र यांची छायाचित्रे, जेथे मनाई नसेल तेथे, अवश्य घ्यावीत. परंतु त्याच घाटावर कोणी ओलेत्याने सूर्यास अर्घ्य देत असतो, कोणी माउली आडोशाला लुगडे बदलत असते, तर कोणी आप्ताच्या अस्थी विसर्जित करून अश्रू ढाळीत असतो. ही मंडळी देवाच्या दारी मन मोकळे करण्यास आलेली असतात. त्यांना न विचारता घेतलेले छायाचित्र त्यांच्या एकांताचा भंग करते.

प्रयागराज येथे १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी २०२५ या काळात महाकुंभ भरला होता. तेथे स्नान करणाऱ्या महिलांच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर प्रसारित झाल्या व पोलिसांना काही खात्यांविरुद्ध गुन्हे नोंदवावे लागले. पुण्यस्नानास आलेल्या त्या भगिनींना याची कल्पनाही नसावी.

सार्वजनिक स्थळी छायाचित्र घेण्यास कायद्याने सरसकट मनाई नाही. तथापि, सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ अन्वये, एकांताची अपेक्षा असलेल्या स्थळी स्त्रीच्या खासगी कृतीचे चोरून चित्रण करणे अथवा ते प्रसारित करणे हा गुन्हा आहे. पहिल्या अपराधास किमान एक व कमाल तीन वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे.

कायद्याने न सांगितलेले बरेचसे मात्र विवेकाने जाणावयाचे असते. अन्नदानाच्या पंगतीत बसलेल्या व्यक्तीचे छायाचित्र दाता कौतुकाने घेतो. पण घेणाऱ्याची गरज त्यातून चारचौघांत उघडी पडते. आपल्याकडे गुप्तदान श्रेष्ठ मानले गेले, त्यामागे हीच जाणीव आहे.

यास्तव भाविकांनी व दात्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. व्यक्तीचे छायाचित्र घेण्यापूर्वी नम्रपणे विचारावे. बालकांबाबत पालकांची अनुमती घ्यावी.
२. नकार मिळाल्यास आग्रह धरू नये.
३. स्नान, वस्त्रांतर व अंत्यविधी यांचे चित्रण कदापि करू नये.
४. छायाचित्र इतरत्र पाठवावयाचे असल्यास तसे आधी सांगावे. कोणी ते पुसण्यास सांगितल्यास त्याच्यासमक्ष पुसावे.

शेजारी उभा असलेला भाविक निःशंक मनाने हात जोडू शकला, तर त्याच्या दर्शनास आपलाही हातभार लागला असे समजावे.