शटर अडते तेव्हा : दोष कोठे शोधावा?

प्राथमिक आरोग्य केंद्रातील रुग्णवाहिकेची मोटारखोली, स्वस्त धान्य दुकानाचे कोठार, ग्रामपंचायतीने भाड्याने दिलेले गाळे, शाळेची साहित्यखोली अशा अनेक ठिकाणी लोखंडी पट्ट्यांचे गुंडाळी शटर दिसते. ते पूर्ण मिटले नाही तर आतील धान्य व साहित्य असुरक्षित राहते. पूर्ण उघडले नाही तर रुग्णवाहिका ऐन वेळी आतच अडकते. तरीही चार माणसांनी मिळून जोर लावावा, हाच उपाय बहुतेक ठिकाणी योजला जातो. या ओढाताणीत किरकोळ दोषाचा मोठा खर्च होतो आणि प्रसंगी बोटेही चेंगरतात.

शटर हलके वाटते, पण ते हलके नसते. त्याचा भार तोललेला असतो. वर भिंतीतील दोन ब्रॅकेटांवर एक नळी बसविलेली असते आणि तिच्यावर स्प्रिंगा असतात. शटर खाली ओढले की स्प्रिंगांना पीळ बसतो. शटर मिटलेले असताना लोंबणारा भार सर्वांत अधिक आणि पीळही सर्वांत अधिक; ते वर गुंडाळले जाऊ लागले की दोन्ही बरोबरीने कमी होत जातात. तराजूच्या दोन पारड्यांसारखीच ही व्यवस्था आहे. विज्ञानशिक्षकांना वर्गात सांगण्यास हे उदाहरण सोयीचे ठरेल.

म्हणून पहिली परीक्षा तोलाची. खाली कोणीही उभे नाही हे पाहून शटर कमरेइतके उचलावे आणि हात न काढता पकड हळूहळू सैल करावी. ते जागच्या जागी राहिले तर तोल ठीक आहे. खाली घसरू लागले तर स्प्रिंग सैल झाली आहे किंवा तुटली आहे. आपोआप वर जाऊ लागले तर पीळ जास्त झाला आहे. दुरुस्तीनंतर असे पुष्कळदा घडते. असे शटर जमिनीपासून वीतभर वरच राहते आणि मग त्याला दगड बांधण्याची युक्ती निघते! मात्र बाजूच्या पन्हाळी घट्ट धरत असतील तर सैल स्प्रिंगचे शटरही स्थिर राहू शकते. तेव्हा ते वरखाली सहज सरकते की नाही, हेही पाहणे अगत्याचे आहे.

तोल ठीक असूनही शटर अडत असेल तर ते कोठे अडते हे पाहावे. दर वेळी एकाच उंचीवर अडत असेल, तर त्या जागी पन्हाळ चेपलेली असते. वाहनाचा धक्का हे त्याचे नेहमीचे कारण. अडण्याची जागा बदलत असेल, तर एखादी पट्टी आडवी सरकून तिचे टोक पन्हाळीत घासत असण्याचा संभव असतो. पट्ट्यांच्या टोकांना बसविलेल्या कड्या निखळल्या म्हणजे असे होते. जमिनीजवळ येऊन थांबत असेल तर पन्हाळीच्या तळाशी साचलेली माती, उंबऱ्यावर नव्याने केलेला गिलावा किंवा बाहेर राहिलेली कुलपाची जीभ तपासावी. शेवटचा हातभर भाग वर जात नसेल, तर वरच्या पेटीत पक्ष्यांचे घरटे किंवा उंदरांनी नेलेल्या चिंध्या आढळतात.

काळ्या मातीच्या प्रदेशात आणखी एक कारण संभवते. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर त्याबरोबर भिंतही हलते. पन्हाळींमधील अंतर वर, मध्ये व खाली मोजावे आणि दोन्ही पन्हाळींना ओळंबा लावावा. अंतरे जुळत नसतील किंवा शटर केवळ पावसाळ्यातच अडत असेल, तर दोष शटराचा नसून इमारतीचा आहे. तेथे नवे शटर बसविणे म्हणजे पैशाचा अपव्यय होय.

पन्हाळीत घट्ट ग्रीस भरण्याची पद्धतही सोडून द्यावयास हवी. ग्रीसमध्ये धूळ बसते आणि ते मिश्रण कानसीसारखे लोखंड खाते. कोरड्या फडक्याने पन्हाळ पुसून हलक्या यंत्रतेलाचा पुसटसा हात देणे पुरेसे असते. कोकणातील खाऱ्या हवेत गंज खरवडून रंग देण्याचे काम अधिक वेळा करावे लागते.

स्वच्छता, तेल व मोजमाप ही कामे शिपाई किंवा शाळेतील कर्मचारी करू शकतील. स्प्रिंगला मात्र त्यांनी हात लावू नये. तिच्यात साठलेला पीळ एकाएकी सुटला तर मनगट मोडण्याइतका जोर त्यात असतो. ते काम माहीतगार कारागिरानेच करावे. साधारणतः १० चौरस मीटरपेक्षा मोठे शटर हाताने ढकलण्याचे नसते, त्याला साखळीचे दातेचक्र लागते. नवे शटर मागविताना ‘भारतीय मानक ६२४८’चा उल्लेख मागणीपत्रात करावा. आरोग्य केंद्राचे शटर अडू लागल्याचे ध्यानात येताच, दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत रुग्णवाहिका रात्रीही बाहेरच उभी ठेवावी.