परत आलेली साडी : ऑनलाइन विक्रीतला अवघड धडा

तुमच्या गटातही अशी एखादी सखी असेल. घरात मालाचा एक नगही नाही. घाऊक व्यापारी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, ती ते गावातल्या आणि नात्यातल्या बायकांना पाठवते. ऑर्डर आली की व्यापाऱ्याला पैसे आणि पत्ता कळवते. पार्सल थेट गिऱ्हाइकाच्या दारात जाते आणि मधला फरक हा आपला नफा. यालाच ड्रॉपशिपिंग म्हणतात, आपल्याकडे रिसेलिंग हा शब्द जास्त चालतो. भांडवल कमी लागते, दुकानाचे भाडे नाही, म्हणून धंदा सोपा वाटतो. खरी परीक्षा होते ती "ताई, ही साडी नको, पैसे परत द्या" असा फोन येतो तेव्हा.

अडचण अशी, की माल आपण डोळ्यांनीही पाहिलेला नसतो. पण गिऱ्हाइकाने पैसे आपल्याला दिलेत, व्यापाऱ्याला नाही. तिच्या लेखी दुकानदार आपणच. "मी काय करू, वरूनच तसं आलं" असं म्हटलं की ती गिऱ्हाईक गेलीच, वर हळदी-कुंकवाला चार जणींना सांगणार. आणि खिशातून पैसे दिले तर गटाच्या कर्जाचा हप्ता अडतो. म्हणून परतीचा विचार पहिली ऑर्डर घेण्याआधीच करायचा.

माल परत का येतो?

कारणे तीच तीच असतात. मोबाइलवर दिसलेला रंग आणि हातातला रंग वेगळा. कुर्तीचे माप चुकलेले. ब्लाउज पीस नाही, डाग आहे, धागा निघालाय. दुसराच माल आलाय. किंवा नुसते मन बदलले. घरी आल्यावर पैसे देण्याच्या सोयीत तर पार्सल न घेताच परत पाठवले जाते.

यातली निम्मी कारणे आपण आधीच टाळू शकतो. व्यापाऱ्याकडून उजेडात काढलेला साधा व्हिडिओ मागा, सजवलेल्या फोटोवर विसंबू नका. कुर्तीसाठी "एल की एक्सएल" विचारू नका, छातीचे माप इंचात विचारा. साडीचे कापड कोणते, ब्लाउज पीस आहे का, रंग जातो का, हे स्पष्ट लिहा. माहीत नसेल तर "प्युअर सिल्क" असे कधीच लिहू नका. नवीन व्यापारी असेल तर आधी एक नग स्वतःसाठी मागवून बघा.

व्यापाऱ्याशी बोली लेखी करा

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुन्हा विकण्यासाठी माल घेणारी व्यक्ती 'ग्राहक' धरली जात नाही. म्हणजे व्यापाऱ्याने फसवले तर ग्राहक आयोगाचा आधार आपल्याला सहसा मिळत नाही. म्हणून चार गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि तो संदेश जपून ठेवा :

१. खराब किंवा चुकीचा माल किती दिवसांत परत घेणार?
२. परतीचे कुरिअर भाडे कोण देणार?
३. पैसे परत मिळणार की बदली माल?
४. पुरावा म्हणून काय लागेल?

व्यापारी सात दिवस देत असेल, तर गिऱ्हाइकाला तीनच दिवस सांगा. मधले दिवस आपल्या धावपळीला लागतात.

गिऱ्हाइकाला आधीच सांगा

ऑर्डर घेतानाच हा संदेश पाठवा : "ताई, पार्सल उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा. माल खराब किंवा चुकीचा निघाला तर ३ दिवसांत कळवा, बदलून देऊ किंवा पैसे परत करू. फॉल-पिको केलेली, धुतलेली किंवा नेसलेली साडी परत घेता येणार नाही."

तक्रार आली तर

पहिले, फोन उचला. टाळाटाळ केली की साधी तक्रार भांडण होते. दुसरे, फोटो-व्हिडिओ मागा आणि त्याच दिवशी व्यापाऱ्याला पाठवा. तिसरे, चूक कोणाची ते ठरवा. माल खराब असेल तर गिऱ्हाइकाकडून भाडे घेऊ नका. फक्त मन बदलले असेल तर बदली द्या, पण जाण्या-येण्याचे भाडे तिच्याकडून घ्या, हेही आधीच सांगितलेले असावे. चौथे, परत पाठवताना मालाचा फोटो आणि कुरिअरची पावती ठेवा. पाचवे, पैसे कधी मिळतील ती तारीख सांगा आणि पाळा.

हिशोब मांडून बघा

समजा, साडी ४५० ला पडली, कुरिअर ७०, एकूण ५२०. विकली ६५० ला. नफा १३०. महिन्यात २० साड्या गेल्या, म्हणजे २,६०० रुपये सुटले असे वाटते.

आता त्यातल्या ४ परत आल्या. उरलेल्या १६ चा नफा २,०८०. परत आलेल्या प्रत्येकीमागे जातानाचे ७० आणि येतानाचे ८०, असे १५० आपल्या अंगावर, ४ चे ६००. उरले १,४८०. त्यातली एक साडी व्यापाऱ्याने परत घेतलीच नाही, तर आणखी ४५० अडकले. हातात १,०३० रुपये!

म्हणून प्रत्येक विक्रीमागे ३० रुपये वेगळ्या डब्यात टाका. २० साड्यांचे ६०० जमतात, म्हणजे वरच्या उदाहरणातले कुरिअर भाडे तिथूनच निघते. परतीचे पैसे घरखर्चातून किंवा गटाच्या हप्त्यातून द्यायचे नाहीत, हा नियमच करा. वहीत तारीख, गिऱ्हाईक, माल, व्यापारी, परतीचे कारण आणि झालेला खर्च असे रकाने आखा. दोन महिन्यांनी वहीच सांगेल की कोणत्या व्यापाऱ्याचा माल सारखा परत येतोय. त्याला सोडा.

सावध राहा

"पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असे कोणी म्हटले तर फोन ठेवा. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

गिऱ्हाइकाचा हक्कही लक्षात ठेवा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन बाजारमंचावरचा विक्रेता सदोष, नकली किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा माल परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. गिऱ्हाईक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू शकते. आपण स्वतः घरासाठी काही मागवले आणि फसलो, तर हाच नंबर आपल्याही कामाचा.

पुढच्या बैठकीत करा

ऑनलाइन विक्री करणाऱ्या सख्यांनी मागच्या महिन्यातल्या परती वहीत लिहून आणाव्यात. गटात तीन प्रश्नांवर बोला : माल का परत आला? आधी काय सांगितले असते तर टळले असते? खरा नफा किती उरला? चार-पाच जणी एकाच व्यापाऱ्याकडून घेत असतील, तर परतीची बोली सगळ्यांनी मिळून करा. एकटीला "बघू" म्हणणारा व्यापारी पाच जणींचे ऐकतो.

आणि साडी परत आली म्हणून खचू नका. नीट परत घेतलेल्या साडीची गिऱ्हाईक दिवाळीला पुन्हा आपल्याकडेच येते.