टॅपचा व्यवहार : जवळ धरणे वेगळे, खातरजमा वेगळी

कापडाच्या पेठेत माल दुरून पाहून सौदा होत नाही. गिऱ्हाईक तागा उलगडते, पोत बोटांत धरून पाहते आणि मगच भाव विचारते. परंतु जाणता व्यापारी एवढ्यावर थांबत नाही. हाताला सुती वाटणारे कापड खरोखर सुती आहे की त्यात पॉलिएस्टर आहे, हे पाहण्यासाठी तो कडेचा एक धागा काढून जाळतो. सुताची मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. म्हणजे माल जवळून पाहणे ही एक गोष्ट झाली आणि त्याची खातरजमा करणे ही दुसरी.

आज दुकानाच्या गल्ल्यावर रोज घडणाऱ्या एका व्यवहाराला हाच नियम लागू पडतो. गिऱ्हाईक कार्ड किंवा मोबाईल मशीनजवळ धरते, बारीक आवाज होतो आणि पैसे जमा होतात. एकदा असा व्यवहार झाल्यावर एका वयस्कर गृहस्थांनी मला विचारले, "शेठ, मी पिन तर दिलाच नाही, मग पैसे गेले कसे? उद्या गर्दीत असेच कोणी माझ्या खिशातून काढले तर?" प्रश्न रास्त होता आणि त्या वेळी मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. नंतर चौकशी व वाचन करून जे समजले, ते व्यापारी बांधवांच्या उपयोगासाठी येथे देत आहे.

हे तंत्र काय आहे?

या तंत्राला नियर फील्ड कम्युनिकेशन, थोडक्यात एनएफसी म्हणतात. अगदी जवळच्या अंतरात दोन वस्तूंनी बिनतारी संदेश देणे-घेणे, असा त्याचा अर्थ. त्याचे मूळ स्पर्शाविना चालणाऱ्या कार्डांत आहे. हाँगकाँगमध्ये १९९७ साली सुरू झालेले ऑक्टोपस कार्ड हे त्याचे गाजलेले उदाहरण. त्या कार्डात सोनी कंपनीची चिप होती. पुढे २००४ मध्ये नोकिया, फिलिप्स आणि सोनी या तीन कंपन्यांनी एनएफसी फोरम ही संस्था स्थापन केली, जेणेकरून एका कंपनीचे कार्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला समजावे.

वीज येते कोठून?

कार्डात सेल नसतो. तरीही त्यातली चिप चालते, हे पाहून पुष्कळांना नवल वाटते. याचे उत्तर आपल्या पॉवरलूमच्या शेडबाहेर उभे आहे. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून दुसऱ्यात जाणारी तार नसते. पण पहिल्यातला प्रवाह सतत बदलत राहिला की त्याच्या भोवतालचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्यामुळे दुसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. हा नियम मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिला.

टॅपच्या मशीनमध्ये एक वेटोळे असते आणि कार्डाच्या प्लास्टिकच्या आत दुसरे. ट्रान्सफॉर्मरमध्ये मधे लोखंड असते, येथे फक्त हवा. घरच्या विजेचे आवर्तन सेकंदाला ५० वेळा होते, तर या मशीनचे सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा, म्हणजे १३.५६ मेगाहर्ट्झ. कार्ड जवळ आले की त्याच्या वेटोळ्यात थोडीशी वीज उत्पन्न होते आणि चिप जागी होते. कार्ड दूर नेले की ती पुन्हा झोपी जाते.

आता चिप उत्तर कसे देते? ती आपल्या वेटोळ्यावरचा भार ठराविक लयीत कमी-जास्त करते. हा फरक मशीनच्या वेटोळ्याला जाणवतो. शेडमध्ये एखादी मोठी मोटार सुरू झाली की बाकीचे दिवे क्षणभर मंद होतात, तसाच हा प्रकार. त्या बारीक चढउतारांतून मशीन चिपचा संदेश वाचते. सर्वसाधारण वेग सेकंदाला १ लाख ६ हजार ते ४ लाख २४ हजार बिट असतो. चित्रपट पाठवण्यास हा वेग कमी आहे, परंतु पैशाच्या व्यवहारास लागणारी माहिती इतकी थोडी असते की ती क्षणार्धात जाते.

अंतर वाढले की हे क्षेत्र फार झपाट्याने क्षीण होते. वेटोळ्याच्या आकारापेक्षा लांब गेल्यावर अंतर दुप्पट केले तर जोर साधारण आठवा हिस्सा उरतो. म्हणून कार्ड ३-४ सेंटीमीटरच्या आत धरावे लागते. कार्डामागे धातूचा पत्रा असेल तर अडथळा येतो. पाकिटात दोन कार्डे एकावर एक असतील आणि पाकीटच मशीनवर ठेवले, तर दोन्ही एकदम बोलू लागतात आणि मशीन एकच कार्ड दाखवा असे सांगते. गिऱ्हाइकाला कार्ड बाहेर काढण्यास सांगावे, तक्रार मिटते.

खरे कुलूप कोठे आहे?

येथे बरेच लोक चुकतात. कमी अंतर म्हणजेच सुरक्षितता, असे त्यांना वाटते. जवळ असण्याने चोराचे काम अवघड होते, परंतु ओळख पटत नाही.

जुन्या कार्डावर काळी चुंबकीय पट्टी असे. ती प्रत्येक वेळी तीच माहिती सांगत असे, म्हणून तिची नक्कल होत असे. चिपचे तसे नाही. तिच्या आत एक गुप्त किल्ली असते आणि ती कधीच बाहेर दिली जात नाही. व्यवहाराच्या वेळी मशीन रक्कम व इतर तपशील चिपला देते. चिप त्या तपशिलावर गुप्त किल्लीने गणित करून एक संकेत तयार करते. कार्ड देणारी बँक तो संकेत तपासते आणि मगच पैसे सोडते. हा संकेत त्या एकाच व्यवहारापुरता असतो. कोणी तो ऐकून ठेवला तरी दुसऱ्या खरेदीला तो चालत नाही. मोबाईलवरून टॅप केल्यास कार्डाचा मूळ क्रमांकही जात नाही, त्याच्या जागी बदली क्रमांक जातो, आणि फोन आधी बोटाने, चेहऱ्याने किंवा पिनने उघडावा लागतो. हाच तो धागा जाळून पाहण्याचा प्रकार समजावा.

ही तपासणी कच्ची असेल तर काय होते, याचा दाखला २००८ मध्ये मिळाला. मायफेअर क्लासिक नावाची चिप जगभर बसच्या पासांत आणि दरवाजे उघडणाऱ्या कार्डांत वापरली जात होती. नेदरलँड्समधील नायमेखन येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी तिचे गुप्त गणित उलगडून दाखवले. लंडनचे ऑयस्टर कार्डही त्याच चिपवर चालत होते. चिप बनवणाऱ्या कंपनीने संशोधन छापू नये म्हणून कोर्टात धाव घेतली, परंतु कोर्टाने मनाई नाकारली. अंतर तेव्हाही तेवढेच कमी होते. कमजोर निघाले ते कुलूप.

खिशातून पैसे जातील काय?

आता त्या वयस्कर गृहस्थांच्या प्रश्नाकडे येऊ. रिझर्व्ह बँकेने मे २०१५ मध्ये २,००० रुपयांपर्यंतचा टॅप व्यवहार पिनशिवाय करण्यास मुभा दिली. १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा ५,००० रुपये झाली. त्यावरील रकमेस पिन लागतो. म्हणजे पिन न देता पैसे गेले ही चूक नव्हती, तो नियमच आहे.

गर्दीत कोणी मशीन खिशाला लावून पैसे काढणे अशक्य नाही, पण चोराला ते परवडणारे नाही. मशीन कोणत्या तरी दुकानदाराच्या नावावर व बँक खात्याशी जोडलेले असते आणि पैसे त्याच खात्यात जातात, त्यामुळे माग लागतो. जास्त धोका कार्ड हरवण्याचा आहे. ज्याच्या हाती पडेल तो लहान लहान रकमांची खरेदी करू शकतो. म्हणून कार्ड हरवताच ते बंद करावे. टॅपची सोय चालू किंवा बंद ठेवण्याचा आणि मर्यादा कमी करण्याचा हक्क १ ऑक्टोबर २०२० पासून कार्डधारकाला आहे. बँकेच्या ॲपमध्ये हे करता येते.

एक नवा फसवणुकीचा प्रकार मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावा. ऑगस्ट २०२४ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने चेक देशातील बँक ग्राहकांवर झालेल्या एका हल्ल्याची माहिती प्रसिद्ध केली. भामटे बँकेच्या नावाने बोलत, एक ॲप घ्यायला लावत, मग कार्ड स्वतःच्या फोनच्या पाठीला लावून पिन टाकण्यास सांगत. ते ॲप कार्डाचा संदेश इंटरनेटवरून भामट्याच्या फोनकडे पोहोचवत असे आणि तो दूर एटीएमवर उभा राहून पैसे काढत असे. कार्ड खरे, चिप खरी, पिन खरा, फक्त जवळीक खोटी. बँक कधीही फोनवर असे करण्यास सांगत नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांना अवश्य सांगावे.

रोजच्या व्यवहारातील उपयोग

१) प्रवास : ४ मार्च २०१९ रोजी देशात नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड सुरू झाले. मुंबईत २०२३ मध्ये मेट्रोच्या २ए व ७ या मार्गांसाठी निघालेले मुंबई वन कार्ड याच जातीचे. यात प्रवासाची शिल्लक कार्डातच असते. फाटकाला दर वेळी बँकेला विचारावे लागत नाही, म्हणून रांग खोळंबत नाही.

२) यूपीआय : सप्टेंबर २०२३ मध्ये यूपीआय लाईट एक्स ही सोय जाहीर झाली. दोन्ही फोनमध्ये एनएफसी असेल तर नेटवर्क नसतानाही फोनला फोन लावून लहान रक्कम देता येते.

३) पासपोर्ट : ई-पासपोर्टमध्ये याच आवर्तनाची चिप असते. पानावर छापलेल्या ओळी आधी वाचल्याशिवाय ती साधारणतः आपली माहिती उघड करत नाही. म्हणजे बंद पासपोर्ट बाहेरून सहज वाचता येत नाही.

४) टॅग : नाण्याएवढ्या चिकटपट्टीत एक चिप असते. तिच्यात दुकानाचा पत्ता, वायफायची माहिती किंवा संकेतस्थळाचा दुवा ठेवता येतो. नेहमीच्या स्वस्त टॅगची जागा १४४ बाइट, म्हणजे इंग्रजीतील जेमतेम १४४ अक्षरे एवढीच असते.

कापड व्यापाऱ्यांनी काय जाणावे?

टॅगच्या बाबतीत आपल्या धंद्यात एक गैरसमज पसरू शकतो. साडीला किंवा ताग्याला टॅग लावला म्हणजे मालाचा खरेपणा सिद्ध झाला, असे सांगणारे विक्रेते भेटतील. साधा टॅग प्रत्येक वेळी तोच दुवा सांगतो. कोणीही तो फोनने वाचून दुसऱ्या टॅगमध्ये उतरवू शकतो. नकली साडीवर असा टॅग लावला तर तोही खऱ्यासारखाच बोलेल. काही टॅगमध्ये गुप्त किल्ली असते आणि ते प्रत्येक स्पर्शाला नवा संकेत देतात. ते महाग पडतात, पण खातरजमा त्यांच्यानेच होते. त्यातही टॅग खरा असल्याचे कळते, कापड खरे असल्याचे नव्हे. टॅग काढून दुसरीकडे लावता येत असेल तर सगळे व्यर्थ.

दुसरे, मोठ्या दुकानांत शेकडो कपड्यांची मोजणी एकदम करणारे टॅग वेगळे असतात. ते कित्येक मीटरवरून वाचले जातात. गाडीच्या काचेवरील फास्टॅग त्यांचाच भाऊबंद. त्यांचे आवर्तन निराळे, साधा मोबाईल ते वाचत नाही. मोजणीसाठी एनएफसी टॅग आणि गिऱ्हाइकासाठी ते टॅग असा उलटा माल कोणी गळ्यात मारू नये, म्हणून हे लिहिले.

तिसरे, युरोपला माल पाठवणाऱ्यांसाठी. तेथील संघाचा शाश्वत उत्पादनांविषयीचा कायदा १८ जुलै २०२४ रोजी अमलात आला. त्यानुसार वस्तूंना डिजिटल पासपोर्ट देण्याची योजना असून कपडे अग्रक्रमाच्या यादीत आहेत. धागा कोठला, प्रक्रिया कोणती, याच्या नोंदी नसतील तर टॅग लावून काही साधणार नाही. म्हणून वह्या आजपासूनच नीट ठेवाव्यात.

चौथे, मशीन घेताना करारनामा वाचावा. १ जानेवारी २०२० पासून रूपे डेबिट कार्डावर दुकानदाराचे शुल्क माफ झाले. इतर डेबिट कार्डांवर २०१८ च्या नियमाने ०.४० टक्के (वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत) किंवा ०.९० टक्के अशी कमाल मर्यादा घातली गेली. क्रेडिट कार्डाचे शुल्क करारावर अवलंबून असते आणि ते अधिक असते. मशीनचे मासिक भाडे वेगळे. कापडातील नफा पाहता हा हिशेब आधी केलेला बरा.

पाचवे आणि महत्त्वाचे. मशीनवर रक्कम टाकल्यावर ती गिऱ्हाइकाला दाखवा, मोठ्याने सांगा, मगच कार्ड जवळ धरायला सांगा. ५०० ऐवजी ५,००० टाकले गेले तरी टॅपला पिनचा अडथळा येत नाही आणि चूक तशीच पार होते. पावती अवश्य द्या.

ते गृहस्थ पुन्हा दुकानात आले तेव्हा मी त्यांना मशीनवरची रक्कम दाखवली, बँकेच्या ॲपमध्ये त्यांच्याच हाताने टॅपची मर्यादा १,००० रुपये करवली आणि कार्ड हरवल्यास काय करायचे ते सांगितले. त्यांचे समाधान झाले. यंत्र पैसे घेते, परंतु गिऱ्हाइकाचा इत्मिनान दुकानदारानेच राखायचा असतो.