ताट पालथं करा!

पेपरात 'जर्मन सिल्व्हर' आलं की आपण तांबं, जस्त, निकेल असं पाठ लिहून मोकळे होतो. पण फी किंवा लग्नासाठी घरातली 'चांदीची' भांडी मोडायला निघाली, की याच उत्तरावर हजारो रुपये अवलंबून असतात. सिद्धगडच्या पायथ्याचं गाव असो की मुरबाड-शहापूरचा बाजार, सराफाकडे जायच्या आधी ताट पालथं करा आणि शिक्का वाचा.

आपल्याकडे 'जर्मनचा टोप' म्हणजे ॲल्युमिनियमचा. जर्मन सिल्व्हर वेगळं. पण चांदी दोन्हींत शून्य!

शिक्का 'ईपीएनएस' असेल तर अर्थ सरळ आहे : इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर. म्हणजे आत जर्मन सिल्व्हर, वर चांदीचा मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. 'ए वन' हा शिक्काही मुलाम्याचा दर्जा सांगतो, शुद्धता नाही. काही कारखानदार प्रत्येक अक्षर वेगळ्या चौकटीत ठोकायचे, त्यामुळे ते हॉलमार्कसारखं दिसतं. फसू नका. इंग्लंडच्या खऱ्या स्टर्लिंग चांदीवर चालता सिंह असतो, म्हणजे ९२.५ टक्के चांदी.

भारतात चांदीचं हॉलमार्किंग २००५ मध्ये सुरू झालं. बीआयएसचं चिन्ह आणि ९२५ किंवा ९९० असा आकडा शोधा. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्कच्या चांदीवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडीही येऊ लागला. तो 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो.

मुलाम्यात चांदी असते तरी किती? वाटीचा आतला-बाहेरचा पृष्ठभाग २०० चौ.सेंमी आणि थर २० मायक्रॉन धरा. आकारमान ०.४ घन सेंमी, म्हणजे चांदी जेमतेम ४.२ ग्रॅम!

आणि शिक्काच नसेल तर? लगेच खोटं ठरवू नका, जुन्या घडणावळीवर बरेचदा शिक्का नसतो. तेव्हा आपला आर्किमिडीज कामाला येतो. वाटीचं वजन करा. मग डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा आणि वाटी दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा दाखवेल तेवढे ग्रॅम म्हणजे तेवढे घन सेंमी. २१० ग्रॅमच्या वाटीला २० आलं तर घनता १०.५, चांदीशी जुळली. २४ आलं तर ८.७५, म्हणजे जर्मन सिल्व्हरची शक्यता जास्त. पोकळ किंवा लाकडी मुठीच्या वस्तूला मात्र ही टेस्ट चालत नाही.

दोन्ही आकडे कागदावर लिहा आणि मगच सराफाची पायरी चढा. भाव तो सांगेल, पण धातू कोणता ते आपल्याला आधीच माहीत हवं!