पाण्यात विरघळलेले पदार्थ
(इयत्ता पाचवी ते सातवीच्या शिक्षकांसाठी विज्ञान-पाठ)

पाठाचा हेतू : “मीठ पाण्यात नाहीसे झाले,” असे मुले सहज म्हणतात. शिक्षकही घाईत ते वाक्य चालवून घेतात. पण या एका शब्दात पुढच्या सगळ्या गैरसमजांचे मूळ आहे. विरघळलेला पदार्थ नाहीसा होत नाही. तो दिसेनासा होतो आणि पाण्यात राहून आपले काम करीत असतो. या पाठातून एवढी एकच गोष्ट मुलांच्या मनावर ठसावी. रत्नागिरीसारख्या खाड्यांच्या जिल्ह्यात ती केवळ परीक्षेपुरती नाही. पिण्याच्या पाण्याशी तिचा थेट संबंध आहे.

साहित्य : मीठ, तुरटी, खाण्याचा सोडा, हळद, आमसुले, पानाला लावण्याचा भिजवलेला चुना, अंगाच्या साबणाचा तुकडा, काचेचे पेले, तराजू, पपईच्या पानाचा पोकळ देठ. कळीचा चुना मुलांच्या हाती देऊ नये. पाणी पडताच तो तापून उसळतो व डोळ्यांस इजा करतो. चुना पुष्कळ पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा आणि वरचे नितळ पाणी, म्हणजे चुन्याची निवळी, हलकेच ओतून घ्यावी.

प्रयोग पहिला : पाण्याचा पेला व कागदावरचे मीठ तराजूच्या एका पारड्यात ठेवून दुसऱ्या पारड्यात वजने घालावीत. मग मीठ पाण्यात विरघळवून कागद पुन्हा पारड्यात ठेवावा. तराजू हलत नाही. तेच पाणी उथळ ताटलीत उन्हात ठेवले की दोन दिवसांत मीठ परत मिळते. मिठागरात याहून वेगळे काही होत नाही. १९३० साली सत्याग्रहामुळे गाजलेले शिरोड्याचे मिठागर त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातच होते; १९८१ पासून ते सिंधुदुर्गात मोडते. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, हेही येथे सांगावे. पाण्याची धारणाशक्ती मर्यादित असते. नेहमीच्या उष्णतामानात १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते, साखर मात्र सुमारे २०० ग्रॅम. त्यापुढे घातलेला पदार्थ तळाशी बसतो. अशा द्रावणास संपृक्त द्रावण म्हणतात.

प्रयोग दुसरा : तुरटीची कोरडी पूड व खाण्याचा सोडा कागदावर एकत्र करावा. काहीच घडत नाही. आता त्यावर चमचाभर पाणी घालावे. लगेच फेस येतो, आणि पांढरा, चिकट साका तयार होतो. कोरडेपणी शेजारी स्वस्थ बसलेले पदार्थ पाण्यात शिरताच एकमेकांवर क्रिया करू लागले, ते का? विरघळताना पदार्थांचे अतिसूक्ष्म, विद्युद्भार असलेले कण सुटे होतात व पाण्यात मोकळे फिरतात. त्यांना आयन म्हणतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्‍हेनियस यांनी १८८४ साली आपल्या प्रबंधात ही कल्पना मांडली आणि १९०३ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. साखरेचे कण मात्र असे भारित होत नाहीत. ते अखंड रेणू म्हणूनच पसरतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात तेव्हाही असाच साका तयार होतो आणि मातीचे कण पोटात घेऊन तळाशी जातो.

प्रयोग तिसरा : हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घालावी, पिवळा रंग तांबडा होतो. त्यात आमसुलाचे आंबट पाणी थेंबथेंब सोडावे. रंग पुन्हा पिवळ्याकडे वळतो. चुना अल्कधर्मी, आमसूल अम्लधर्मी. दोन्ही पाण्यात भेटले की एकमेकांचा गुण मारतात. उरलेल्या निवळीत पपईच्या देठाने एका मुलाकडून हळूहळू फुंकर घालवावी. निवळी दुधासारखी होते, कारण श्वासातील कर्बद्विप्राणिल वायू पाण्यात विरघळून चुन्याशी संयोग पावतो व न विरघळणारी चुनखडी तयार होते. मुलाने फुंकावे, ओढू नये, हे आधी बजावावे.

प्रयोग चौथा : विहिरीचे गोडे पाणी, खाडीचे पाणी व चुन्याची निवळी अशा तीन पेल्यांत साबणाचे पाणी सारखे घालून हलवावे. गोड्या पाण्यात फेस येतो. इतर दोहोंत फेस न येता पांढरट कण तरंगतात, कारण त्यांतील चुन्याच्या जातीचे क्षार साबणाशी संयोग पावून त्याला निरुपयोगी करतात. कपडे धुण्याची पूड येथे वापरू नये; ती जड पाण्यातही फेसाळते.

गावाशी संबंध : जांभ्याच्या सड्यावरील विहिरींचे पाणी बहुधा हलके असते. हजारो वर्षांच्या पावसाने या दगडातील विद्राव्य भाग धुऊन नेला आहे. लोह व ॲल्युमिनियम यांची न विरघळणारी संयुगे तेवढी मागे राहिली आहेत. याउलट दाभोळ, जयगड यांसारख्या खाड्यांच्या काठी चैत्र-वैशाखात विहिरींची पातळी खाली गेली की भरतीचे पाणी जमिनीतून आत शिरू शकते. तेव्हा एक हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. दहा लिटर गोड्या पाण्यात २०० मिलिलिटर समुद्राचे पाणी मिसळले तर लिटरमागे सुमारे ७०० मिलिग्रॅम क्षार वाढतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले घन पदार्थ लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरी सोय नसेल तरच २००० पर्यंत चालतात. आणि हे मिसळलेले पाणी डोळ्यांना मात्र स्फटिकासारखे स्वच्छ दिसते!

तुरटीने गाळ बसतो, मीठ जात नाही. उकळल्याने रोगजंतू मरतात, मीठ जात नाही; उलट पाणी आटल्याने ते थोडे दाटच होते. नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे, हे मुलांनी घरी जाऊन सांगितले तर पाठ सफल झाला.

स्वाध्याय : (१) प्रत्येक वाडीतील विहिरीचे दोन चमचे पाणी वेगवेगळ्या स्वच्छ झाकणांवर उन्हात सुकवावे व मागे राहिलेल्या डागांची तुलना करावी. हा प्रयोग पौषात व वैशाखात असा दोनदा करावा. डाग ठळकपणे वाढलेला दिसल्यास ग्रामपंचायतीस कळवून पाण्याची रीतसर तपासणी करवावी. (२) आमसुलाचे सार कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ठेवले की ते कळकते. त्यात काय विरघळले असावे? कल्हईने ते कसे थांबते? उत्तर घरातील वडीलधाऱ्यांस विचारून, मग वर्गात पडताळून लिहावे.